परदेशी साधकांसाठीचे बौद्ध अध्ययन आणि विहारवास: निवड, तयारी आणि प्रत्यक्ष वास्तव्य

बौद्ध विहारात जाऊन काही आठवडे किंवा काही महिने राहावे, तेथील भिक्खू-भिक्खुणींच्या दिनक्रमात सहभागी व्हावे आणि धम्माचा अभ्यास पुस्तकांपुरता न ठेवता जगून पाहावा, अशी इच्छा असणाऱ्या परदेशी अभ्यासकांसाठी आज थायलंडपासून फ्रान्सपर्यंत आणि नेपाळपासून अमेरिकेपर्यंत अनेक ठिकाणी सोय आहे. मात्र या सगळ्याला सरसकट ‘शिबिर’ म्हणण्याची सवय झाल्यामुळे त्यांतील फरक झाकला जातो आणि अपेक्षाभंग बहुधा तेथूनच सुरू होतो. ज्याला ग्रंथ समजून घ्यायचे असतात तो दहा दिवसांच्या मौनात अडकतो, आणि ज्याला शांत बसायचे असते त्याच्या वाट्याला दिवसभर तर्कशास्त्राचे वर्ग येतात. म्हणून स्थळाची कीर्ती, छायाचित्रे आणि आचार्यांचे नाव क्षणभर बाजूला ठेवून आधी कार्यक्रमाचे रोजचे वेळापत्रक मागवावे आणि निवड त्यावरूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळापत्रक कसे वाचावे

वेळापत्रक हाती आले की ध्यानाच्या बैठका, प्रवचने किंवा वर्ग, वंदना व सूत्रपठण, श्रमदान आणि मोकळा वेळ यांचे तास वेगवेगळे मोजावेत. दिवसाचे सात-आठ तास ध्यानाला दिलेले असतील, तर ते ध्यानशिबिर आहे, मग त्याच्या नावात तत्त्वज्ञानाचा कितीही उल्लेख असो. सकाळी दोन आणि दुपारी दोन वर्ग, त्यांवर चर्चागट आणि परीक्षा असतील, तर तो अभ्यासक्रम आहे आणि तेथे ध्यान बव्हंशी स्वतःच्या जबाबदारीवर करायचे असते. झाडलोट, स्वयंपाक, भिक्षाटन, पहाटेची व संध्याकाळची वंदना यांतच दिवस जात असेल आणि शिकवणे मधूनमधून, जवळजवळ जाता जाता होत असेल, तर तो खऱ्या अर्थाने विहारवास आहे. हा तिसरा प्रकार कागदावर सर्वांत फिका दिसतो. भिक्खूजीवनाची खरी ओळख मात्र त्यातूनच होते.

यासोबत काही गोष्टी विचारून घ्याव्यात: दुपारनंतर जेवण मिळते का, फोन जमा करावा लागतो का, मौन पूर्ण असते की ठरावीक वेळेपुरते, शिकवण्याची भाषा कोणती आणि अनुवाद होत असल्यास तो कोण करतो, पंचशील पाळायचे की आठ नियमांचे अष्टशील, आणि स्त्री-पुरुषांची निवासव्यवस्था कशी आहे. जी संस्था या प्रश्नांची उत्तरे देण्यास टाळाटाळ करते, तिच्याविषयी थोडे सावध राहिलेले बरे.

कोठे काय मिळते

थेरवाद, म्हणजे श्रीलंका व आग्नेय आशियात रुजलेल्या बौद्ध परंपरेतील विहारवासाचे ठळक उदाहरण म्हणजे थायलंडच्या उबोन राचाथानी प्रांतातील वात पा नानाचात हा अरण्यविहार. थाई भिक्खू अजान चाह यांनी १९७५ मध्ये तो खास परदेशी भिक्खूंच्या प्रशिक्षणासाठी सुरू केला आणि तेथील शिकवण्याची भाषा इंग्रजी आहे. पहाटे तीनला घंटा होते, दिवसातून एकदाच, तेही सकाळी, जेवण असते आणि पाहुणेही पांढरे कपडे घालून अष्टशील पाळतात. काही दिवसांपेक्षा अधिक राहू इच्छिणाऱ्या पुरुष पाहुण्याने मुंडण करावे, अशी अपेक्षा असते. येथे ठरावीक तारखांचे शिबिर नाही आणि प्रमाणपत्रही नाही. आधी लिहून परवानगी घ्यायची आणि आल्यावर विहाराच्या चालीने चालायचे. याच देशातील सुरत थानी प्रांतातल्या सुआन मोक्ख विहाराची रीत वेगळी आहे. भिक्खू बुद्धदास यांनी १९३२ मध्ये स्थापन केलेल्या या विहाराच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात परंपरेने प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेपासून अकरा तारखेपर्यंत आनापानसतीचे, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याच्या ध्यानाचे, मौन शिबिर होते. झोपायला सिमेंटचा ओटा, त्यावर चटई, उशाला लाकडी ठोकळा आणि वर मच्छरदाणी, एवढीच सोय असते. पहिल्या दोन रात्री मान अवघडते, पण पहाटे चारला उठण्याचे ओझे या बिछान्यामुळे बरेच हलके होते.

तिबेटी परंपरेचा कल अध्ययनाकडे अधिक आहे. काठमांडूजवळच्या कोपन विहारात लामा येशे आणि लामा झोपा रिनपोछे यांनी १९७१ मध्ये परदेशी लोकांसाठी पहिला अभ्यासवर्ग घेतला, आणि दर नोव्हेंबरमध्ये होणारा तेथील महिनाभराचा वर्ग आजही नवख्यांसाठी चांगली सुरुवात मानला जातो. त्यात प्रवचने, चर्चागट आणि ध्यान यांचा मेळ असतो. धरमशालेजवळ धरमकोट येथील तुषिता केंद्र त्याच परंपरेतले असून तेथील प्रास्ताविक वर्ग साधारण आठ ते दहा दिवसांचे आणि मौनाचे असतात. ज्यांना भाषा शिकून मूळ ग्रंथांपर्यंत पोहोचायचे आहे, त्यांच्यासाठी काठमांडूच्या बौद्धनाथ परिसरातील रांगजुंग येशे संस्था अधिक योग्य आहे. काठमांडू विद्यापीठाशी संलग्न असलेल्या या संस्थेत पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, तिबेटी भाषेचे उन्हाळी वर्ग होतात आणि शेजारच्या विहारातील आचार्य शास्त्रग्रंथ शिकवतात. धरमशालेतील तिबेटी ग्रंथ व अभिलेखागार संस्थेतही तत्त्वज्ञान व भाषेचे वर्ग अनेक दशकांपासून परदेशी विद्यार्थ्यांना खुले आहेत.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. तिबेटी विहारांतील पारंपरिक अध्ययन प्रमाण (तर्कशास्त्र व ज्ञानमीमांसा), प्रज्ञापारमिता (प्रज्ञेची व मार्गाची शिकवण), माध्यमक (शून्यतेचे तत्त्वज्ञान), अभिधर्म (मन व पदार्थांचे विश्लेषण) आणि विनय (संघाचे नियम) या पाच विषयांभोवती रचलेले असते आणि ‘गेशे’ ही पदवी मिळवायला पंधरा-वीस वर्षे लागतात. त्याचा मुख्य भाग म्हणजे वादविवाद: उत्तर देणारा खाली बसलेला, प्रश्न विचारणारा उभा, आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी पाय आपटून टाळी. महिनाभराच्या वर्गात परदेशी विद्यार्थ्याला यातले फार तर दर्शन घडते. खुद्द तिबेटी भिक्षुणींनाही ‘गेशेमा’ ही पदवी पहिल्यांदा २०१६ मध्ये मिळाली, आणि त्या तुकडीत वीस जणी होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे ‘सखोल अध्ययन’ या शब्दाचे वजन कळते.

विद्यापीठीय शिक्षण आणि विहारवास यांची सांगड घालणारे प्रयोगही झाले आहेत. बोधगयेत १९७९ मध्ये अमेरिकेतील अँटिऑक महाविद्यालयाने सुरू केलेल्या सत्रात विद्यार्थी बर्मी विहारात राहून, पंचशील पाळून, इतिहास, तत्त्वज्ञान व भाषा शिकत आणि त्याच काळात विपश्यना, झेन व तिबेटी या तिन्ही पद्धतींचे ध्यान त्या त्या परंपरेतील आचार्यांकडून घेत. तैवानमध्ये मास्टर शिंग युन यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या फो ग्वांग शान विहारात २००२ पासून काही वर्षे परदेशी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांसाठी महिनाभराचा विहारवास होत असे. भिक्षुणी यी फा यांनी आखलेला तो कार्यक्रम पुढे चीनमध्ये गेला. पदवीच्या श्रेयांकांचा प्रश्न असेल, तर अशा कार्यक्रमाला नाव देण्यापूर्वी आपल्या विद्यापीठाकडून लेखी मान्यता घ्यावी, कारण परत आल्यावर ती मिळवणे फार त्रासाचे ठरते.

दक्षिण कोरियातील ‘टेम्पलस्टे’ हा सर्वांत सोपा प्रवेश आहे. २००२ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या वेळी आलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी जोग्ये या कोरियन बौद्ध संप्रदायाने विहारांची दारे उघडली आणि ती उघडीच राहिली. एका रात्रीचे वास्तव्य, पहाटेची वंदना, एकशे आठ नमस्कार आणि भिक्खूंसोबत चहा, एवढे त्यात असते. विहारवास आपल्याला झेपेल का हे चाचपून पाहण्यासाठी तो उत्तम आहे, पण त्यालाच विहारवास समजू नये. जपानमध्ये ओकायामा येथील सोगेन्जी या रिन्झाई शाखेच्या झेन विहारात परदेशी साधक दीर्घकाळ राहून साधना करतात, मात्र आठवडाभराची ‘सेशिन’ (सलग ध्यानाचे कडक शिबिर), विशेषतः डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातील ‘रोहात्सु’, नवशिक्यासाठी नव्हे. फ्रान्समधील प्लम व्हिलेज हे व्हिएतनामी झेन आचार्य थिच न्हात हान्ह यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेले केंद्र कुटुंबांनाही सामावून घेते. तेथे घंटा वाजली की स्वयंपाकघरात चिरत असलेली सुरीसुद्धा थांबते आणि तीन श्वास झाल्यावरच काम पुढे सुरू होते. प्रव्रज्येचा, म्हणजे गृहस्थजीवन सोडून दीक्षा घेण्याचा, गंभीरपणे विचार करणाऱ्यांसाठी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील श्रावस्ती ॲबीचा ‘भिक्खूजीवनाची ओळख’ करून देणारा वार्षिक कार्यक्रम आणि दीक्षेपूर्वीची त्यांची टप्प्याटप्प्याची पद्धत पाहण्यासारखी आहे.

अर्ज करताना

विहाराला लिहिलेले पत्र आटोपशीर आणि खरे असावे. आपण कोण, कोणत्या परंपरेचा किती सराव केला आहे, किती दिवस राहायचे आहे, प्रकृती कशी आहे आणि येण्याचे कारण काय, एवढे पुरते. आध्यात्मिक अनुभवांची लांबलचक वर्णने देऊ नयेत. पत्र वाचणाऱ्या भिक्खूला त्यापेक्षा हा माणूस भांडी घासेल का, हे कळण्यात अधिक रस असतो. ज्याने पूर्वी एकही शिबिर केलेले नाही, त्याने थेट तीन महिन्यांच्या वर्षावासासाठी (पावसाळ्यात एकाच विहारात राहण्याच्या काळासाठी) अर्ज करू नये. आधी एक आठवडा, मग एक महिना, अशी चढण ठेवावी. बहुतेक विहार दीर्घ वास्तव्याची परवानगी पहिली भेट पाहूनच देतात.

बहुतेक शिबिरांच्या अर्जात मानसिक आरोग्याविषयी प्रश्न असतात आणि तेथेच उत्तर लपवण्याचा मोह होतो. तो टाळावा. दिवसाचे दहा तास मौनात बसण्याने जुने नैराश्य, भीती किंवा झोपेचा विकार उफाळून येऊ शकतो, आणि दुर्गम विहारात वैद्यकीय मदत मिळायला वेळ लागतो. चालू असलेली औषधे ‘साधनेत शुद्धता हवी’ अशा समजुतीने परस्पर बंद करू नयेत. डॉक्टरांशी बोलावे आणि संस्थेला तसे लेखी कळवावे. संस्थेने या कारणाने प्रवेश नाकारला, तर तो अपमान नाही. आपली कुवत ओळखणारी संस्था असेच करते.

खर्च आणि परवाने

खर्चाच्या बाबतीत परंपरेनुसार मोठा फरक पडतो. थेरवादी अरण्यविहारांत शुल्क घेत नाहीत, कारण तेथील अन्न व निवारा उपासकांच्या दानावर चालतो. निघताना आपल्या ऐपतीप्रमाणे दान द्यावे आणि त्याची रक्कम कोणाला विचारू नये. तिबेटी केंद्रे, टेम्पलस्टे आणि प्लम व्हिलेज येथे निवास-भोजनाचे शुल्क असते, तर पदवी अभ्यासक्रमांना विद्यापीठाचे शिक्षणशुल्क लागते. धम्माचे दान होते, तांदळाचे आणि विजेचे बिल भरावे लागते, असे समजून शुल्क आकारणाऱ्यांविषयी मनात अढी ठेवू नये.

व्हिसाचे नियम वारंवार बदलतात, म्हणून ते त्या देशाच्या दूतावासाकडूनच तपासावेत. पर्यटन व्हिसावर थोड्या दिवसांचे शिबिर बहुधा चालते, पण पदवी अभ्यासक्रम किंवा वर्षभराचा विहारवास चालत नाही, आणि धार्मिक किंवा शैक्षणिक व्हिसासाठी विहाराचे निमंत्रणपत्र हाती यायला वेळ लागतो. भारतातील बैलकुप्पे किंवा मुंडगोडसारख्या तिबेटी वसाहतींत राहण्यासाठी परदेशी नागरिकांना संरक्षित क्षेत्राचा वेगळा परवाना लागतो आणि त्यासाठी काही महिने आधी अर्ज करावा लागतो. तेथे पोहोचल्यावर हे कळलेल्यांना परत फिरावे लागते. परतीचे तिकीट, प्रवासविमा आणि संकटकाळी संपर्क करायच्या व्यक्तीचे नाव या गोष्टी विहाराच्या कार्यालयात आणि घरी, दोन्हीकडे ठेवाव्यात.

आत गेल्यावर

पहिल्या दिवशी शील ग्रहण केले जाते. अष्टशीलात हिंसा, चोरी, असत्य आणि मादक पदार्थ यांच्या वर्ज्यतेसोबत संपूर्ण ब्रह्मचर्य, मध्यान्हानंतर भोजन न करणे, गायन-नृत्य-अलंकार यांपासून दूर राहणे आणि उंच व ऐसपैस शय्या न वापरणे यांचा समावेश होतो. सर्वांत मोठी अडचण भुकेची होईल, अशी अनेकांची कल्पना असते. प्रत्यक्षात शरीर तीन-चार दिवसांत सरावते आणि करमणूक बंद झाल्याची टोचणी त्याहून अधिक दिवस राहते.

भोजनाच्या वेळेचे बारकावे आधी माहीत असले तर पुष्कळ ओशाळलेपण टळते. विनयानुसार भिक्खू हातात दिल्याशिवाय अन्न घेत नाही आणि दुसऱ्या दिवसासाठी ठेवतही नाही. त्यामुळे केळ्यांचा घड भिक्खूच्या आसनाजवळ ठेवून निघून गेल्यास तो तसाच राहतो. दोन्ही हातांनी, हाताच्या अंतरावर येऊन, तो अर्पण करावा लागतो. थायलंडमध्ये स्त्री दान देत असेल, तर भिक्खू पुढे कापड पसरतो आणि वस्तू त्यावर ठेवायची असते. एकदा अर्पण केलेल्या ताटाला कोणा उपासकाने सहज सरळ करण्यासाठी हात लावला, तर ते पुन्हा अर्पण करावे लागते. पाहुणे उत्साहाने ताटे सारखी करतात आणि मग सगळी रांग पुन्हा उभी राहते. कोरियन विहारात औपचारिक भोजन चार वाट्यांत होते: भात, रस्सा, भाज्या आणि पाणी. जेवताना मुळ्याच्या लोणच्याची किंवा किमचीची एक चकती बाजूला ठेवायची, शेवटी थोडे पाणी घेऊन त्या चकतीने वाट्या पुसायच्या, ते पाणी पिऊन टाकायचे आणि चकती खायची. चौथ्या वाटीतले स्वच्छ पाणी सामाईक पात्रात ओतले जाते आणि त्यात मिरचीचा एक कणसुद्धा दिसता कामा नये. म्हणून आधीच बेताने वाढून घ्यावे.

बसण्याचा क्रम वयाने किंवा विद्वत्तेने ठरत नाही, तो उपसंपदेनंतरच्या (पूर्ण दीक्षेनंतरच्या) वर्षावासांनी ठरतो. साठाव्या वर्षी चीवर घेतलेला प्राध्यापक पंचविशीतल्या भिक्खूच्या खाली बसतो आणि पाहुणे सर्वांच्या शेवटी. बुद्धमूर्तीकडे किंवा आचार्यांकडे पाय करून बसू नये, ग्रंथ जमिनीवर ठेवू नयेत, थेरवादी भिक्खूशी स्त्रीने आणि भिक्खुणीशी पुरुषाने हस्तांदोलन करू नये. बाकीचे पाहून पाहून येते.

श्रमदानाला दुय्यम समजणे ही शिकलेल्या माणसांची नेहमीची खोड आहे. पाने झाडताना, शौचालये धुताना आणि पन्नास माणसांचा भात शिजवताना जी चिडचिड वर येते, तिच्यावर काम करण्यासाठीच विहाराने ती वेळ राखलेली असते. शंका असल्यास आचार्यांसोबतच्या मुलाखतीच्या ठरलेल्या वेळी विचारावी. इतर साधकांशी पद्धतींची तुलना करत बसल्याने कोणतीच पद्धत नीट होत नाही. आचार्यांविषयी आदर असावा, पण विवेक गहाण ठेवू नये. एकांतात बोलावणे, पैशाची वैयक्तिक मागणी, शारीरिक जवळीक किंवा ‘हे बाहेर सांगू नकोस’ अशी अट, यांपैकी काहीही घडले तर तेथून निघावे आणि संस्थेच्या जबाबदार व्यक्तीला कळवावे. कोणत्याही परंपरेचा विनय अशा वर्तनाला मान्यता देत नाही.

प्रव्रज्येचा विचार असल्यास

काही महिने राहिल्यावर चीवर घेण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, पण तिचा निर्णय विहारातून घरी जाऊन, काही काळ थांबून करावा. उपसंपदेसाठी वीस वर्षे पूर्ण असावी लागतात, आई-वडिलांची परवानगी, कर्जमुक्तता आणि सरकारी नोकरीतून मुक्तता यांविषयी विधीतच प्रश्न विचारले जातात. थेरवादात भिक्खूंना २२७ नियम असतात, पूर्व आशियातील धर्मगुप्तक परंपरेत २५० आणि तिबेटी मूलसर्वास्तिवाद परंपरेत २५३. थायलंडमध्ये एका वर्षावासापुरती दीक्षा घेऊन पुन्हा गृहस्थ होणे समाजमान्य आहे. तिबेटी परंपरेत मात्र दीक्षा आजन्म मानली जाते, त्यामुळे एका ठिकाणची सवलत दुसरीकडे गृहीत धरू नये. अरण्यविहारांत आधी काही महिने पांढऱ्या वस्त्रात अनागारिक (गृहत्यागी उमेदवार), मग श्रामणेर (नवदीक्षित) आणि त्यानंतर भिक्खू असा क्रम असतो, आणि उपसंपदेनंतर पाच वर्षे आचार्यांच्या निश्रयात, म्हणजे त्यांच्या आश्रयाने व देखरेखीखाली, राहावे लागते.

स्त्रियांसाठी चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. तैवान आणि कोरियात भिक्षुणी संघ भक्कम आहेत आणि तेथे पूर्ण दीक्षा मिळते. थेरवादातील भिक्खुणी परंपरा श्रीलंकेत १९९८ पासून पुन्हा उभी राहिली, पण भिक्खूंनी स्त्रियांना दीक्षा देऊ नये, हा थायलंडच्या संघाचा १९२८ चा मनाई आदेश अद्याप अडथळा आहे, आणि भूतानमध्ये भिक्षुणींना पूर्ण दीक्षा २०२२ मध्ये देण्यात आली. म्हणून इच्छुक स्त्रीने परंपरा निवडतानाच आपल्याला पुढे कोणती दीक्षा मिळू शकेल, हे विचारून घ्यावे.

दीक्षेपूर्वी आणखी काही व्यावहारिक प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत. दीक्षेनंतर आपण कोठे राहणार, आपल्याला कोण शिकवणार, आजारपणाचा खर्च आणि व्हिसाचे नूतनीकरण कोण पाहणार, आणि चीवर सोडावे लागल्यास परतीच्या प्रवासाची सोय काय, हे आधी ठरलेले असावे. थेरवादी विहारात या बाबी बहुधा संघ आणि उपासक सांभाळतात, पण तिबेटी परंपरेत दीक्षा घेतलेल्या अनेक पाश्चात्त्य भिक्षू-भिक्षुणींना स्वतःच्या निवासाचा व उपजीविकेचा खर्च स्वतःच उभा करावा लागतो, आणि त्यासाठी चीवर घालून नोकरी करण्याची वेळही काहींवर आलेली आहे.